एका खिळ्यावरचे दोन सदरे

गेल्या दिवाळीच्या सुट्टींत आमच्या घरीं सर्व मंडळी जमली होती. रात्रीं जेवणें आटोपल्यावर मुलें दिवाणखान्यांत एक इंग्रजी चित्रपट पाहूं लागलीं. आम्ही शेजारीं सुपारी कातरीत बसलों होतों. पडद्यावर डोंगर, घोडे व मेंढरें दिसलीं, तेव्हां हा कांहीं गुराख्यांच्या हाणामारीचा प्रकार असावा असें समजून दहा मिनिटांत उठून जाण्याचा आमचा बेत होता. अर्ध्या तासानें कथेचा खरा विषय लक्षांत आला. सूनबाईंनीं ओशाळून विचारलें, "मामंजी, बंद करूं का?" आम्ही म्हणालों, "राहूं द्या. आलों आहों तर पाहूं." शेवटपर्यंत आम्ही जागचे हाललों नाहीं, आणि त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं. तिचें कारण केवळ चित्रपट नव्हता. तें पुढें येईलच.

चित्रपटाचें नांव 'ब्रोकबॅक माउंटन'. मूळ कथा ॲनी प्रू ह्या अमेरिकन लेखिकेची. ती 'न्यूयॉर्कर' साप्ताहिकाच्या १३ ऑक्टोबर १९९७ च्या अंकांत प्रथम आली. लॅरी मॅकमर्ट्री व डायना ओसाना ह्यांनीं तिची पटकथा केली आणि तैवानांत जन्मलेले दिग्दर्शक अँग ली ह्यांनीं २००५ सालीं तिचा चित्रपट केला. व्हेनिसच्या महोत्सवांत त्यास सुवर्णसिंह मिळाला. पुढें दिग्दर्शन, पटकथा व संगीत ह्यांबद्दल तीन ऑस्कर पारितोषिकें मिळालीं. मूळ कथा आम्हीं पुतणीकडून मागवून घेतली व शब्दकोश जवळ ठेवून तीन दिवसांत वाचली. कथा लहान आहे. आमचें इंग्रजी मॅट्रिकचें असल्यामुळें वेळ लागला.

कथा अशी. १९६३ चा उन्हाळा. वायोमिंग हा अमेरिकेच्या पश्चिमेकडचा विरळ वस्तीचा, वाऱ्याचा व कुरणांचा प्रांत. एनिस डेल मार व जॅक ट्विस्ट हे विशीच्या आंतले दोन तरुण. दोघेहि गरीब घरचे, शाळा अर्धवट सुटलेले, दोन हातांवांचून दुसरें भांडवल नसलेले. आपल्याकडे सालगडी म्हणतात तशा जातीचे हे दुसऱ्यांच्या खिलारांवर राबणारे गडी. ब्रोकबॅक नांवाच्या एका डोंगरावर (हा डोंगर लेखिकेनें कल्पिलेला आहे) मेंढरें राखण्याचें काम त्यांस मिळतें. त्या मुलुखांत उन्हाळ्यांत खालचें गवत वाळूं लागलें म्हणजे मेंढरांचे कळप सरकारी जंगलखात्याच्या परवान्यानें उंचावरच्या कुरणांत नेतात. एकानें तळावर राहून शिधासामग्री व सैंपाक पाहावयाचा, दुसऱ्यानें रात्रंदिवस कळपाबरोबर राहून श्वापदांपासून त्याचें रक्षण करावयाचें. आजहि हें काम तेथें चालतें. मात्र तें करणारे बहुतेक मेंढपाळ आतां मुदतीच्या परवान्यावर पेरू देशांतून येतात.

त्या एकान्तांत दोघांचें सख्य जडलें, आणि तें सख्य मैत्रीच्या सीमेपलीकडे गेलें. येथें आडपडदा ठेवण्याचें कारण नाहीं. स्त्रीपुरुषांत असतें तसेंच तें देहाचें व मनाचें प्रेम होतें. उन्हाळा संपला. दोघे खालीं उतरले, एकमेकांस धड निरोपहि न देतां निघून गेले, आणि रीतीप्रमाणें दोघांनींहि लग्नें केलीं. एनिसला अल्मापासून दोन मुली झाल्या. जॅक दक्षिणेस टेक्सासांत गेला. तेथें लुरीन नांवाच्या श्रीमंत बापाच्या मुलीशीं त्याचा विवाह झाला व एक मुलगा झाला. चार वर्षांनीं जॅकचें एक कार्ड आलें. दोघे पुन्हां भेटले. आणि तेथून पुढें वर्षांतून एकदां-दोनदां, मासे धरण्यास जातों असें घरीं सांगून, ते कोठेंतरी डोंगरांत कांहीं दिवस एकत्र राहूं लागले. असें करतां करतां पहिल्या भेटीस वीस वर्षें झालीं.

जॅकची मागणी फार मोठी नव्हती. थोडी जमीन घ्यावी, गाई व वासरें पाळावीं, दोघांनीं मिळून राबावें व एका छपराखालीं राहावें. एनिसनें ती कधींच मान्य केली नाहीं. एकदां त्यानें ऑगस्टची भेट रद्द करून नोव्हेंबरवर ढकलली. त्यावरून दोघांचें कडाक्याचें भांडण झालें. पुढें नोव्हेंबरच्या भेटीविषयीं त्यानें टाकलेलें कार्ड, पत्ता असलेला मनुष्य मृत झाल्याच्या शिक्क्यानिशीं परत आलें. गाडीचें चाक फुटून जॅक गेला, असें लुरीन सांगते. लोकांनीं त्याला मारलें असावें, असें एनिसच्या मनांत येतें. खरें काय घडलें तें कथा सांगत नाहीं.

एनिस जॅकच्या आईबापांकडे जातो. तेथें जॅकच्या खोलींत कपड्यांच्या कोनाड्यांत त्याला एक जुना सदरा सांपडतो, वीस वर्षांपूर्वींच्या रक्ताचे डाग असलेला. त्या सदऱ्याच्या आंत दुसरा सदरा आहे. डोंगरावर आपला हरवला असें समजून एनिस ज्याला विसरला होता, तोच तो. जॅकनें तो उचलून आपल्या सदऱ्याच्या आंत, बाहींत बाही घालून, इतकीं वर्षें जपला होता. एनिस ते दोन्ही सदरे घेऊन येतो, आपल्या राहत्या गाडींत एक खिळा ठोकतो व त्यावर ते टांगतो. एवढाच त्याचा संसार.

हा शेवट अनेकांस सोसवत नाहीं. लेखिकेनें एका मुलाखतींत तक्रार केली आहे कीं, पुष्कळ वाचक ही कथा आपल्या मनाप्रमाणें पुन्हां लिहून, तीं दोघें सुखानें नांदलीं असा शेवट जोडून आपल्याकडे पाठवितात. तिचा त्रागा आम्हांस समजतो. त्या वाचकांचीहि आम्हांस कींव येते. त्यांना सुखान्त कथेंत नको आहे, तो आयुष्यांत हवा आहे.

चित्रपट संपल्यावर घरांतील मुली डोळे पुशीत होत्या. आमच्या सौभाग्यवती मात्र कोरड्या आवाजांत म्हणाल्या, "अहो, त्या दोघांसाठीं सगळे रडलांत. पण त्या अल्मानें कोणाचें काय केलें होतें?" आम्ही निरुत्तर झालों. वाचकभगिनींनो, कथेंतील तो प्रसंग असा आहे. नवरा मासे धरण्यास जातो, पण कधीं एक मासा घरीं येत नाहीं. अल्मा एके दिवशीं त्याच्या गळाच्या दोरीस एक चिठ्ठी बांधते, घरीं मासे आणा अशी. तो परत येतो व भरपूर मासे मिळाले, तेथेंच खाऊन संपविले असें सांगतो. ती पेटी उघडून पाहते तों चिठ्ठी जेथल्या तेथें, आणि विकत घेतली तेव्हांची किंमतीची चिटकी अद्याप तशीच. दोरीला पाणी लागलेलें नाहीं. त्या बाईनें हें कित्येक वर्षें मनांत ठेवलें. बोलली ती घटस्फोटानंतर. लबाडीच्या संसारांत स्त्रीच्या वाट्यास काय येतें तें एवढ्या एका दोरीवरून लेखिकेनें दाखविलें आहे.

आम्हीं आयुष्यभर मुलांस 'मेघदूत' शिकविलें. विरहाची गोष्ट निघाली म्हणजे आम्हांस यक्ष आठवतो. त्याचा शाप एका वर्षाचा होता. रामगिरीवर बसून तो दिवस मोजूं शकत होता. कार्तिकी एकादशीस शाप संपणार हें त्याला ठाऊक होतें, आणि प्रियेला तो तसें कळवूं शकत होता. शिवाय तो शाप कुबेरानें दिला होता, बाहेरून. ह्या दोघांच्या शापाला मुदत नव्हती, आणि शाप देणारा निदान अर्धा तरी एनिसच्या स्वतःच्या छातींत बसलेला होता.

तो तेथें कसा बसला? शिक्षक ह्या नात्यानें आम्हांस ह्या कथेंतील सर्वांत भयंकर प्रसंग हाच वाटतो. एनिस लहान असतांना, नऊ वर्षांच्या सुमारास, त्यांच्या भागांत दोन वृद्ध पुरुष एकत्र राहत. त्यांतील एकास लोकांनीं हालहाल करून ठार मारलें. एनिसच्या बापानें मुद्दाम मुलांना नेऊन तें प्रेत दाखविलें. एक शब्दहि न शिकवितां धडा पूर्ण झाला. पुढें जॅकनें कितीहि विनवलें तरी एनिसच्या डोळ्यांपुढें तें प्रेत उभें राहत असे. आपण म्हणूं कीं, आम्ही कांहीं मुलांना प्रेतें दाखवीत नाहीं. तें खरें. परंतु शाळेंत एखादा मुलगा नाजूक चालीचा असला म्हणजे त्याची नक्कल होते, वर्ग हसतो, आणि आम्ही मास्तर फळ्याकडे तोंड करून उभे राहतों. पंक्तीला एखाद्याविषयीं थट्टा निघते आणि वाढणारे-जेवणारे सर्व हसतात. त्याच पंक्तींत नऊ वर्षांचा एक मुलगा मुकाट्यानें भात कालवीत असतो. त्याचाहि धडा त्याच दिवशीं पूर्ण होतो.

ही भीति काल्पनिक नव्हती हें इतिहासच सांगतो. १९६३ सालीं अमेरिकेंत इलिनॉय हें एक राज्य सोडल्यास सर्वत्र असें प्रेम हा गुन्हा होता. ज्या वायोमिंगनें जगांतील बहुतेक देशांच्या आधीं, १८६९ सालीं, स्त्रियांस मताधिकार दिला व जें आपणांस अभिमानानें समतेचें राज्य म्हणवितें, तेथेंहि तेंच. कथा प्रसिद्ध झाल्यावर एक वर्षानें, ऑक्टोबर १९९८ मध्यें, त्याच राज्यांतील लॅरमी गांवाबाहेर मॅथ्यू शेपर्ड ह्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यास कुंपणाला बांधून मरणप्राय मारहाण करण्यांत आली; थोड्याच दिवसांत तो रुग्णालयांत वारला. पुढें काळ पालटला. २०१४ सालीं वायोमिंगमध्यें व २६ जून २०१५ च्या निकालानें साऱ्या अमेरिकेंत अशा जोडप्यांस विवाहाचा अधिकार मिळाला.

आपल्याकडे १८६० च्या दंडसंहितेंतील ३७७ वें कलम इंग्रजांनीं घातलें, तें त्यांच्यामागेंहि सत्तर वर्षें राहिलें. ६ सप्टेंबर २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें, सज्ञान व्यक्तींच्या परस्परसंमतीच्या संबंधांपुरतें तें रद्द ठरविलें. विवाहाचा अधिकार मात्र १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालानें मान्य झाला नाहीं. तो प्रश्न न्यायालयानें कायदेमंडळाकडे सोंपविला. परंतु खरें सांगावयाचें तर आपल्या घरांत त्या कलमाचें भय फार थोड्यांस होतें. भय होतें तें शेजाऱ्यांचें, भावकीचें, आणि आमच्यासारख्या वडीलधाऱ्या मंडळींचें.

आतां त्या रात्रीं झोंप कां आली नाहीं तें सांगतों.

सुमारें तीस वर्षांपूर्वीं आमचा एक जुना विद्यार्थी सायंकाळीं आमच्याकडे आला. नुकतीच चांगली नोकरी लागलेली, घरीं स्थळें येत असलेलीं. बराच वेळ इकडचें तिकडचें बोलून तो खालीं पाहत म्हणाला, "सर, मला लग्न करावयाचें नाहीं. माझ्या मनांत एक व्यक्ति आहे, आणि ती स्त्री नाहीं." आम्ही रागावलों नाहीं. त्याचा आम्हांस त्या वेळीं अभिमानहि वाटला कीं, आपण किती समजूतदार! आम्हीं त्याला शांतपणें सांगितलें कीं, संसार अंगावर पडला म्हणजे असलीं खुळें आपोआप जातात. त्यानें पायांस हात लावला व तो गेला. सहा महिन्यांनीं त्याच्या लग्नांत आम्हीं अक्षता टाकल्या व जिलब्या खाल्ल्या.

चार वर्षांनीं ती मुलगी माहेरीं परत आली. तिचे वडील आमच्या ओळखीचे होते. गांवांत कुजबुज सुरू झाली कीं, मुलींतच कांहीं खोट असेल, नाहींतर एवढा सालस नवरा कोण सोडतो? ही कुजबुज आमच्या कानांवर अनेकदां आली. खोट कोणांत नव्हती व चूक कोणाची होती हें गांवांत आम्हांसच ठाऊक होतें. आम्ही गप्प बसलों. विद्यार्थ्याचें गुपित राखतों आहों अशी आम्हीं स्वतःची समजूत घातली. वास्तविक आम्ही स्वतःला राखीत होतों.

तो विद्यार्थी आज दूरच्या शहरांत एकटा राहतो. दर गुरुपौर्णिमेस त्याचें एक ओळीचें पत्र येतें. चित्रपट पाहिल्यानंतर आठ दिवसांनीं आम्हीं त्याला सविस्तर पत्र लिहिलें व आमची चूक कबूल केली. त्याचें उत्तर त्याच्या अनुमतीनें येथें देतों: "सर, त्या दिवशीं मला तुमची परवानगी नको होती. तुम्ही फक्त एवढें म्हणालां असतां कीं लग्न करूं नकोस, तर मला पुरलें असतें. दोन माणसें वांचलीं असतीं." दोन माणसें, असें त्यानें लिहिलें, त्यांत त्यानें स्वतःला मोजलें कीं त्या मित्राला, हें आम्हीं विचारलें नाहीं. त्या मुलीला मात्र त्यानें नक्कीच मोजलें आहे. तिची क्षमा मागावी असें मनांत येतें. पण आमच्या मनाला शांति मिळावी म्हणून तिच्या आयुष्यांत पुन्हां पाऊल टाकण्याचा आम्हांस अधिकार आहे काय, ह्याचा निर्णय अद्याप होत नाहीं.

आमच्या स्तंभाकडे नेहमीं पत्रें येतात कीं, संसारांत प्रेम जिवंत कसें ठेवावें? ह्या खेपेस ह्या दोन गड्यांवरून उत्तर शोधूं. वीस वर्षांत त्यांचें प्रेम आटलें नाहीं, म्हणून कोणी म्हणेल कीं त्यांनीं तें जिवंत ठेवलें. आम्हांस तसें वाटत नाहीं. वर्षांतून आठ-दहा दिवस भेटणें म्हणजे सण. सणाला पुरणपोळी होते, नवीं वस्त्रें निघतात, कोणी कोणावर वसकन् ओरडत नाहीं. पण सणावर संसार चालत नाहीं. प्रेमाला रोजचा वरणभात लागतो. सकाळचा चहा कोणी ठेवावयाचा, आजारपणांत औषधाची वेळ कोणी सांभाळावयाची, पैसे कमी पडले तर कोणती गरज मागें ठेवावयाची, भांडण झाल्यावर प्रथम कोणी बोलावयाचें, ह्या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींत तें वाढतें. चाळीस वर्षें संसार केलेल्या कोणाहि जोडप्यास विचारा. जॅकला हें कळलें होतें. त्यानें चांदण्या रात्री मागितल्या नाहींत; त्यानें गोठा मागितला, शेणामुतांतलें रोजचें काम मागितलें. तें त्याला मिळालें नाहीं, म्हणून त्यानें सदरा जपला. वस्तु जपण्याची पाळी येते ती माणसाजवळ राहतां येत नाहीं तेव्हां.

आणि दुसरें असें कीं, एकाच्या प्रेमाचा दिवा तिसऱ्याच्या घरांतलें तेल चोरून तेवत ठेवतां येत नाहीं. अल्मा व लुरीन ह्या दोघींच्या आयुष्यांतलें तेल त्या डोंगरांतल्या दिव्याला गेलें. ह्यांत दोष केवळ त्या दोन पुरुषांवर टाकून आपणांस सुटतां येणार नाहीं. ज्यांनीं त्यांना बोहल्यावर उभें राहण्यावांचून दुसरी वाट ठेवली नाहीं, त्यांचाहि तितकाच, किंबहुना अधिक दोष आहे. त्यांत आम्ही आहों.

मराठींतहि आतां ह्या विषयावर मोकळेपणीं लिहिलें-दाखविलें जात आहे, ही समाधानाची गोष्ट होय. रोहन कानवडे ह्यांच्या 'साबर बोंडं' ह्या मराठी चित्रपटास २०२५ सालीं अमेरिकेंतील सनडान्स महोत्सवांत परदेशी कथाचित्रपटांच्या विभागांतलें सर्वोच्च पारितोषिक मिळालें. वडिलांच्या मृत्यूनंतरचे दहा दिवस पाळण्यासाठीं गांवीं आलेला शहरांतला तरुण व गांवांतला त्याचा लहानपणचा शेतकरी सोबती, ह्यांची ती गोष्ट आहे. सुतकाचे दहा दिवस आपल्या प्रत्येक घराने पाळलेले आहेत; तेव्हां ही गोष्ट परक्या मुलुखांतील आहे असें म्हणण्याची सोय आतां उरली नाहीं.

आपण पत्रिका पाहतों, छत्तीसांपैकीं किती गुण जुळतात तें मोजतों, गोत्र विचारतों, पगार विचारतों. ज्याचें लग्न त्याला मात्र, चार वडीलधाऱ्यांच्या देखत, मुलगी पसंत आहे ना एवढेंच विचारतों. त्या प्रश्नाला एकच उत्तर असतें व तें आपणांस आधींच ठाऊक असतें.

आमच्या घरीं यंदा एका पुतण्याचें लग्न ठरवावयाचें आहे. त्याच्या मनांत काय आहे तें आम्हांस मुळींच ठाऊक नाहीं. बहुधा इतरांसारखेंच असेल. तरीहि पत्रिका बाहेर काढण्यापूर्वीं त्याला एकट्याला गच्चीवर नेऊन, लग्न करावयाचें आहे काय, आणि कोणाशीं, हें विचारण्याचें आम्हीं ठरविलें आहे. प्रश्न सोपा आहे. उत्तर कोणतेंहि आलें तरी तें पुरतें ऐकून घ्यावयाचें, मध्येंच शहाणपण सांगावयाचें नाहीं, ह्याची तयारी मात्र आम्हांस करावी लागत आहे. तीस वर्षांपूर्वीं ती नव्हती.